सगळ्यांची हजेरी करवतीवर

मी एक जुने हजेरीचे घड्याळ आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर आधी हसाल. अंगाने लोखंडी पेटी, वर गोल तबकडी, पोटात एक छोटा हातोडा आणि खाली अरुंद फट. कामगाराने त्या फटीत आपले कार्ड सरकवले की मी ‘खट्’ करायचे आणि कार्डावर वेळ उमटायची. सकाळी येताना खट्, संध्याकाळी जाताना खट्. आयुष्यभर मी एवढे एकच अक्षर बोलले. आज जरा जास्त बोलणार आहे, कारण मला ज्या गोष्टीची लाज वाटते ती एका अक्षरात मावणारी नाही.

मला घडवणारा कारागीर मोठा चिकित्सक होता. माझ्या चाकांना तेल देऊन झाल्यावर त्याने मला कानाशी धरले, बराच वेळ ऐकले आणि शेजारच्याला म्हणाला, “हे खोटं बोलणार नाही बघ.” ते वाक्य मी दागिन्यासारखे जपले. तो फक्त वेळेबद्दल बोलत होता, हे माझ्या लक्षात राहिले नाही. आपली स्तुती ऐकताना आपण अर्धेच ऐकतो.

तिथून मी एका खुर्च्यांच्या कारखान्यात आले. शाळांना, दवाखान्यांना, कचेऱ्यांना लागणाऱ्या खुर्च्या तिथे बनत. जगाला बसवण्यासाठी तिथली माणसे दिवसभर उभी असत. एका बाजूला लाकूड कापणारी मोठी करवत होती, पलीकडे पॉलिशचा वास येणारी खोली, तिच्या पुढे खिडकीजवळ शिवणयंत्रांवर गाद्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायका, मागे पॅकिंग आणि कोपऱ्यात काचेची तावदाने असलेली मालकांची खोली. मालकांनी मला करवतीजवळच्या खांबावर टांगले. करवतीशी माझा काही संबंध नव्हता. त्या खोलीतून तेवढाच एक खांब सरळ दिसायचा, म्हणून.

दिवसभर माझ्या तोंडावर भुसा उडायचा. तरी मी खुशीत होते. माझ्या शेजारी लाकडी खाचांची फळी होती आणि तिच्यात सगळ्यांची कार्डे उभी असायची. करवतीवाल्यांची पिवळी, शिवणवाल्यांची पांढरी, पॉलिशची निळी, बाकीच्यांची गुलाबी. प्रत्येक कार्डाच्या डोक्यावर विभागाचे नाव छापलेले, त्याखाली माणसाचे नाव आणि कामाला लागल्याची तारीख, त्याखाली रिकामे रकाने. ते रकाने माझे. उशिरा आलेला कामगार माझ्यासमोर मान खाली घालायचा आणि मला त्याचा, खोटे कशाला बोलू, फार अभिमान वाटायचा.

मालक वारले आणि कारखाना त्यांच्या पत्नीकडे आला. कामगार मालकांना दादा म्हणत, म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी झाल्या. हिशेब त्यांचे धाकटे दीर पाहायचे. वहिनी त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून तेही सगळ्या कारखान्याचे भाऊजी झाले. भाऊजी मनाने वाईट नव्हते. पण बचतीचे त्यांना वेड होते. टाचणी वाकली तर ती सरळ करून पुन्हा वापरतील, आणि त्या नादात जेवायचे विसरतील, असा माणूस.

करवतीवर तेव्हा एक उंच, शांत माणूस काम करायचा. हात इतका सफाईचा की त्याने कापलेल्या फळीला रंधा लावायलाच नको. आल्यावर उजव्या हाताने कार्ड काढायचा, माझ्या फटीत घालायचा आणि माझ्या तबकडीवरचा भुसा बोटाने पुसून जायचा. दुसऱ्या कोणी कधी पुसला नाही.

एके दिवशी करवतीवरचे जाळीचे झाकण दुरुस्तीला गेले होते. भाऊजी म्हणाले, “एक दिवस चालवून घ्या, शाळेची ऑर्डर अडलीये.” त्याने चालवून घेतले. दुपारी पात्याखालचा एक तुकडा बाजूला सारताना त्याचे मधले बोट गेले आणि शेजारचे अर्धे गेले. आरडाओरडा झाला, करवत थांबली, लोक त्याला घेऊन धावत गेले. त्याच्या त्या दिवसाच्या रकान्यात येण्याची वेळ आहे. जाण्याची नाही.

मित्रांनो, इथे तुम्हाला विमा म्हणजे काय ते सांगायला हवे. कारखान्याचा मालक विमा कंपनीला दरवर्षी हप्ता भरतो. कामावर कोणाला इजा झाली, तर त्याचे औषधपाणी आणि तो घरी असेपर्यंतचा पगार कंपनी देते. म्हणजे दुखणे एकाचे आणि भार सगळ्यांनी थोडा थोडा वाटून घ्यायचा, अशी ती सोय आहे. जिथे धोका मोठा तिथे हप्ता मोठा. करवतीवरच्या माणसामागे जास्त भरावे लागते, सुईदोऱ्याच्या माणसामागे अगदी कमी. आणि एखाद्या कारखान्यात अपघात झाला, तर त्याचा हप्ता काही वर्षे चढा राहतो. मग उतरतो. निदान उतरायला हवा.

त्याच्या बाबतीत कंपनीने सगळे नीट केले. दवाखान्याचा खर्च दिला, पगार दिला. जखम भरली आणि तो कामावर परत आला. वहिनींनी त्याला करवतीवरून काढून पॅकिंगला घातले. पहिल्याच दिवशी शिवणाच्या मावशींनी त्याच्या हाताकडे बघितले. मावशी म्हणजे शिवणकामातल्या सगळ्यात जुन्या बाई, जिभेला सुईपेक्षा जास्त धार. त्या म्हणाल्या, “दहातून दीड गेलं, राहिलं किती? या, साडेआठ, या!” सगळे हसले. तोही हसला. थट्टेत मायाच होती, पण नाव चिकटले ते चिकटलेच. त्या दिवसापासून तो साडेआठ झाला.

त्याच सुमाराला माझी जुनी कार्डे संपली. भाऊजी छापखान्यात गेले. छापखानेवाला म्हणाला, चार रंग आणि चार मजकूर असतील तर इतके पडतील. एकच रंग, एकच मजकूर असेल तर निम्म्यात देतो. निम्म्यात म्हटल्यावर भाऊजींचे कान टवकारले. त्यांनी फळीतले हाताला लागले ते पहिले कार्ड नमुना म्हणून दिले. पहिली खाच करवतीची होती. आठवड्याभराने पिवळ्याधमक कार्डांचे गठ्ठे आले आणि एकूण एक कार्डाच्या डोक्यावर छापलेले होते: करवत विभाग.

सकाळी मावशींनी आपले नवे कार्ड वाचले आणि कपाळाला हात लावला. “अगबाई! मला बढती मिळाली की! चला, सरका, आज मी करवत चालवणार!” मोठा हशा पिकला. दारावरचा रखवालदार आपले कार्ड नाचवत म्हणाला, “मीही करवतीवर! आता मला दारावर उभं नका करू.” भाऊजीही हसले. म्हणाले, “अहो, नुसतं छापलंय. त्यानं काय होतंय?” दोन दिवस थट्टा चालली. तिसऱ्या दिवशी कोणी वर वाचेना. मग कधीच कोणी वाचले नाही.

मी मात्र रोज त्याच कार्डांवर शिक्के मारत राहिले. खोळी शिवून डोळे चोळत आलेल्या बाईच्या कार्डावर खट्, करवत विभाग. पत्ते लिहिणाऱ्या कारकुनाच्या कार्डावर खट्, करवत विभाग. मिनिटाचीही चूक नाही. कोणी किती वाजता आले हे मी बिनचूक सांगत होते, आणि माझा प्रत्येक शिक्का एका खोट्या ओळीखाली पडत होता.

वर्षाअखेरीस विमा कंपनीने भाऊजींना विचारले, तुमच्याकडे कोणकोण कुठे काम करते त्याचा पुरावा पाठवा. भाऊजींनी कार्डांचा गठ्ठा दोरीने बांधून पाठवून दिला. पुढचा हप्ता आला तो इतका की वहिनी खुर्चीत बसूनच राहिल्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसे झाले. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “अपघात झाला ना वहिनी. त्याचा भुर्दंड.” वहिनींना ते पटले. कोणालाही पटले असते. अपघात सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

वर्षाअखेरीला सगळ्या कामगारांना माझ्या खांबाजवळ गोळा करून बोनस सांगायची तिथली पद्धत होती. त्या वर्षी भाऊजी उभे राहिले आणि म्हणाले, “यंदा बोनस नाही. विम्याचा हप्ता फार वाढलाय. का वाढलाय ते तुम्हाला ठाऊकच आहे.” त्यांनी कोणाचे नाव घेतले नाही. पण सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी गेल्या आणि साडेआठने आपला उजवा हात खिशात घातला.

तो हात पुढे कित्येक वर्षे खिशातच राहिला. माझी फट उजव्या हाताच्या माणसासाठी केलेली आहे. तो डाव्या हाताने, अंग वाकडे करून कार्ड घालायचा. तबकडीवरचा भुसा पुसणे बंद झाले. दरवर्षी हप्ता चढाच यायचा, दरवर्षी भाऊजी तेच सांगायचे, फक्त “तुम्हाला ठाऊकच आहे” हे म्हणायची गरज उरली नाही. कोणी त्याला टाकून बोलले नाही, असे मी म्हणेन, पण ते खरे नाही. एकदा पॉलिशवाल्याने मुलीच्या शाळेच्या फीसाठी उचल मागितली आणि ती मिळाली नाही. तेव्हा तो साडेआठला ऐकू जाईल असे म्हणाला, “दीड बोट त्याचं गेलं आणि हात आमचे बांधले गेले.” साडेआठने ऐकले. दोरी ओढून गाठ मारत राहिला.

आता जे सांगते ते माझ्याशिवाय फार तर रखवालदाराला माहीत होते. संध्याकाळी सगळ्यांबरोबर तो कार्ड घालायचा. खट्. सगळे निघून गेले की तो परत आत यायचा. करवतीखालचा भुसा झाडायचा, दुसऱ्या दिवशीची खोकी जोडून ठेवायचा, शिवणाच्या बायकांच्या पायाखालची चिंध्यांची पोती बाहेर नेऊन ठेवायचा. कार्डावर तो घरी गेलेला असायचा आणि कारखान्यात राबत असायचा. न केलेल्या चुकीची तो अशी फेड करत होता. सकाळी झाडलेली जमीन बघून मावशी म्हणायच्या, “हा रखवालदार बरा कामाला लागलाय!” रखवालदारही ‘हो’ म्हणायचा. मी खांबावरून हे सगळे पाहायचे. पण मला एकच अक्षर येत होते.

एका सकाळी वहिनी करवतीपाशी लाकूड बघायला आल्या होत्या. साडेआठ पॅकिंगमधून आला आणि माझ्याजवळ येऊन थांबला.

“वहिनी, एक बोलायचं होतं. मी या महिन्यानंतर येणार नाही.”

“का रे? कुठं जास्त पगार मिळतोय?”

“नाही. अजून कुठं बघितलं नाही.” त्याने खिशातला हात आणखी खोल घातला. “माझ्यामुळं सगळ्यांचं नुकसान होतंय. मी गेलो की हप्ता उतरेल. पोरांना बोनस तरी मिळेल.”

मित्रांनो, वहिनी चांगल्या बाई होत्या. पण त्या क्षणी त्या गप्प राहिल्या. ‘असं काही नसतं रे’ हे चार शब्दही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत, कारण त्यांनाही मनातून तसेच वाटत होते. त्या गप्प बसण्याची त्यांना पुढे फार लाज वाटली. साडेआठला मात्र उत्तर मिळाले. त्याने मान हलवली.

“एक दाखला द्याल का? काम केल्याचा. दुसरीकडं दाखवायला.”

“देते की. आत्ताच लिहिते.”

“पण त्यात करवत नका लिहू, वहिनी. पॅकिंग लिहा. करवत म्हटलं की लोक आधी हाताकडं बघतात.”

दाखल्यात कधीपासूनची तारीख घालायची ते बघायला वहिनींनी फळीतून त्याचे कार्ड उपसले. चष्मा कपाळावरून खाली घेतला. आणि त्या थांबल्या.

“तू करवतीला हात लावून किती वर्षं झाली?”

“हात गेला तेव्हापासून नाही लावला.”

“मग इथं करवत विभाग का?”

“ते सगळ्यांच्याच कार्डावर आहे, वहिनी.”

वहिनींनी शेजारचे कार्ड काढले. मावशींचे होते. करवत विभाग. त्याच्या शेजारचे, पत्ते लिहिणाऱ्या कारकुनाचे. करवत विभाग. त्यांनी फळी रिकामी करत आणली. शेवटी रखवालदाराचे कार्ड हाती आले, जो दिवसा हजेरीला आणि पाणी प्यायला तेवढा आत यायचा. तोही करवतीवर. वहिनींच्या हातांत कार्डांचा ढीग झाला आणि त्यांचा आवाज चढला.

“भाऊजी! अहो भाऊजी! इकडं या जरा!”

भाऊजी कानावर पेन्सिल ठेवून आले.

“आपल्याकडं करवतीवर माणसं किती?”

“तीन. का हो?”

“मग ही सगळी कोण?”

“अहो, ते नुसतं छापलंय,” भाऊजी हसत म्हणाले. “निम्म्यात मिळत होतं. तुम्हाला सांगितलं होतं मी तेव्हा.”

“ते ऐकलं. दरवर्षी विमा कंपनीला आपण काय पाठवतो?”

भाऊजींचे हसू तसेच राहिले, पण त्यामागचा चेहरा उतरला. कानावरची पेन्सिल खाली पडली. वाकडी टाचणी सरळ करणारा तो माणूस, ती पेन्सिल उचलायला वाकला नाही.

“कार्डं,” ते म्हणाले. “हीच.”

आवळा वाचवला आणि कोहळा घालवला, तोही वर्षानुवर्षे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसे झाले होते. हप्ता का वाढला हे शोधायला सगळ्यांनी एका माणसाच्या हाताकडे बघितले, आणि उत्तर सगळ्यांच्या हातात होते. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक जण ते हातात धरून माझ्यापर्यंत येत होता.

वहिनींनी विमा कंपनीच्या तपासनिसाला बोलावून घेतले. तो दरवर्षी यायचा, पण काचेच्या खोलीत बसायचा, चहा प्यायचा, बेरजा बघायचा आणि जायचा. या खेपेला वहिनींनी खोलीचे दार बंदच ठेवले. आमचीच एक खुर्ची आणून माझ्या खांबाला टेकवली. “इथं बसा. सुटी होईपर्यंत बसा. कोण कुठून येतंय तेवढं बघा.”

तो नाइलाजाने बसला. त्याच्या नाकात भुसा गेला. सुटीची घंटा झाली आणि माणसे येऊ लागली. करवतीकडून तीन. बाकी सगळी लांबून, वेगवेगळ्या दारांतून, कोणाच्या अंगाला दोरे चिकटलेले, कोणाच्या हाताला पॉलिश. मावशी आल्या तेव्हा तपासनिसाने विचारले, “आजी, तुम्ही करवत चालवता?”

“आजी कोणाला म्हणतोस रे?” मावशी म्हणाल्या. “आणि करवत चालवायला मला काय धाड भरलीये? मी सुई चालवते. जिभेशिवाय माझ्याकडं धारेचं काही नाही.”

तपासनिसाने नंतर सगळ्या खोल्या पायी फिरून पाहिल्या. परत आला तेव्हा त्याचेही तोंड कडू झाले होते. “मी एकदा तरी आत यायला हवं होतं,” तो म्हणाला. “कागद बरोबर जुळत होते. म्हणून...”

“कागद जुळत होते,” वहिनी म्हणाल्या. “आता आणखी एक बघा. याच्या बोटांचं आमच्या हप्त्यात किती धरलंय?”

साडेआठ तिथेच दाराशी खोकी रचत होता. तपासनिसाने बॅगेतून कागद काढले आणि बोट फिरवत वाचले. “यांचा दावा अजून चालू दिसतोय. उपचार सुरू आहेत. पुढं एक शस्त्रक्रिया व्हायचीये, त्यासाठी कंपनीनं मोठी रक्कम बाजूला ठेवलीये. तोपर्यंत तुमचा दर चढाच राहणार.”

“शस्त्रक्रिया? कोणाची?” साडेआठने विचारले.

“तुमची.”

“माझी?” खोके त्याच्या हातातून सुटले. “अहो, जखम भरली तेव्हाच डॉक्टर म्हणाले, आता पुढं काही करायचं नाही. चिठ्ठी दिली होती त्यांनी. मी इथं आणून दिली.”

“ती चिठ्ठी आम्हाला मिळाली असती तर दावा तेव्हाच बंद झाला असता,” तपासनीस म्हणाला. “तीन वर्षांत त्याचा भार उतरला असता. कोणाला आठवणही राहिली नसती.”

चिठ्ठी कोणाच्या हातात दिली होती, हे कोणी विचारले नाही. सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिले. भाऊजींनी आपला उजवा हात खिशात घातला. घातल्यावर त्यांच्या लक्षात आले. त्यांनी तो बाहेर काढला, आणि मग त्या हाताचे काय करावे ते त्यांना कळेना. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि फाशी देणाऱ्याच्या मनात पाप नव्हते. त्याने लाज कमी होत नाही, मित्रांनो. उलट कोणावर रागावायचे तेही कळत नाही.

डॉक्टरांच्या नव्या चिठ्ठीने दावा बंद झाला. शिवण, पॉलिश, पॅकिंग, कचेरी अशी माणसे वेगळी मांडली गेली. कंपनीने मागच्या काही वर्षांचे जादा घेतलेले पैसे परत केले. सगळ्या वर्षांचे नाहीत. त्याहून मागे जायचा नियम नाही, असे तपासनिसाने सांगितले. मला वाटले, पैशांना निदान नियम तरी आहे. त्या माणसाच्या खिशात गेलेली वर्षे कोणत्या खिडकीवर परत मागायची?

महिनाअखेर आली, आणि तीच वर्षअखेरही होती. वहिनींनी सगळ्यांना माझ्या खांबाजवळ बोलावले आणि भाऊजींना म्हणाल्या, “दरवर्षी तुम्हीच सांगता. यंदाही तुम्हीच सांगा.”

भाऊजी उभे राहिले. आधी त्यांनी बोनसचे सांगितले, पण तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. मग ते म्हणाले, “इतकी वर्षं मी सांगत आलो की हप्ता अपघातामुळं वाढला. तसं नव्हतं. तो माझ्यामुळं वाढला. कार्डं मी छापली, चिठ्ठी मी पाठवली नाही. झाकण नसताना करवतसुद्धा मीच चालवायला लावली. त्याच्याकडं बघू नका. माझ्याकडं बघा.”

कोणीही भाऊजींकडे बघितले नाही. सगळे जमिनीकडे बघत होते. पॉलिशवाला नखाने हातावरचा डाग खरवडत होता. ती जमीन रोज कोण झाडायचे हे रखवालदाराने आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाकले होते, म्हणून तिच्याकडे बघणेही सोपे नव्हते.

वहिनी साडेआठला म्हणाल्या, “दाखला मी लिहिलेला नाही. तुला जायचं असेल तर खुशाल जा, मी देईन. पण या कारणासाठी जायचं नाही. आणि त्या दिवशी मी गप्प राहिले, ते चुकलं माझं.”

त्याने डाव्या हाताने दोरीचा गुंडा उचलला. मग म्हणाला, “दवाखान्याच्या खुर्च्या बांधायच्या राहिल्यात,” आणि पॅकिंगच्या दाराकडे चालू लागला. हात अजून खिशातच होता.

मावशींना त्याला थांबवायचे होते. त्यांनी तोंड उघडले. ‘साडे’ एवढे ओठांवर आले आणि त्या अडखळल्या. ते नाव त्यांनीच ठेवले होते, आणि आता ते त्यांच्याच्याने घेववेना. त्यांनी शेजारणीला हळूच विचारले, “त्याचं नाव काय गं?” शेजारणीला ठाऊक नव्हते. पॉलिशवाल्याला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे एका छपराखाली काम करून कोणालाच ते आठवेना.

मावशी माझ्याजवळ आल्या. फळीतून त्यांनी त्याचे कार्ड काढले, हात लांब करून डोळे बारीक केले आणि विभागाच्या खालची ओळ वाचली. मग त्यांनी ते नाव मोठ्याने हाकारले.

तो वळला नाही.

त्यांनी पुन्हा हाक मारली. तो चालतच राहिला. त्याचे ऐकणे चांगले होते. पॉलिशवाल्याचे ते वाक्य त्याने लांबून ऐकले होते. पण त्या नावाने इथे कोणी आपल्याला बोलावत असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. दुसऱ्याच कोणाला तरी हाक मारत असतील, असे समजून तो पुढे गेला. मावशींच्या डोळ्यांत पाणी आले. त्या धावत गेल्या आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “अरे, तुलाच बोलावतेय. तुझंच नाव आहे ना हे?”

त्याने कार्ड बघितले. “हो,” तो म्हणाला, “माझंच आहे.”

त्या संध्याकाळी तो सगळ्यांत शेवटी माझ्याकडे आला. उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि त्याच हाताने कार्ड माझ्या फटीत घातले. मी जपून, हलकेच खट् केले. मग त्याने उरलेल्या अर्ध्या बोटाने माझ्या तबकडीवरचा भुसा पुसला आणि तो खरोखर घरी गेला.

मित्रांनो, त्यानंतर नवी कार्डे चार रंगांत छापून आली आणि मला त्या खांबावरून काढून दारापाशी लावले. आता बोट टेकवून हजेरी घेणारे नवे यंत्र आले आहे आणि मी नुसती वेळ दाखवत भिंतीवर असते. माझ्या चाकांना तेल द्या, असे मी म्हणत नाही. कोणी दिले तर बरेच आहे. पण एक मागणे आहे. जो कागद रोज तुमच्या हातातून जातो, तो एकदा डोक्यापासून खालपर्यंत वाचा. आणि कोणामुळे काय बिघडले हे ठरवण्याआधी, ज्याला बोल लावणार आहात त्याचे नाव तरी आपल्याला ठाऊक आहे का, ते बघा. त्याचे नाव मी तुम्हालाही सांगितलेले नाही, आणि तुम्हीही इतका वेळ त्याला साडेआठच म्हणत होतात.